कान बाहीर, कान अंदर

पहिलीच्या पोरांना अंडी घालणारे प्राणी शिकवायचे असतील तर पुस्तक मिटून ठेवावं, असं माझं मत नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी झालं. पुस्तकात एक कोंबडी होती, एक मासा होता आणि एक शहामृग होता. आता हिंगणघाट तालुक्यात शहामृगाचं काय काम? आमच्या पोरांच्या घरी पाली होत्या, शेतात साप होते, नाल्यात बेडूक होते, आणि पुस्तक त्यांच्यापैकी कुणाचं नावही काढत नव्हतं. शिवाय त्यात लिहिलं होतं, "काही प्राणी अंडी घालतात, काही प्राणी पिल्लांना जन्म देतात." बरं. पण काही म्हणजे कोणते, आणि ओळखायचे कसे, हे पोरं विचारणारच. लहान पोरांना 'काही' या शब्दाचा फार राग असतो. मलाही आहे.

आमची शाळा वडनेरच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून आत असलेल्या एका गावात होती. दोन खोल्या. एकीत पहिली-दुसरी घेऊन मी, दुसरीत तिसरी-चौथी घेऊन हेडमास्तर. मी हिंगणघाटहून एस.टी.नं यायची आणि पुढं पायी, किंवा कुणाची बैलबंडी मिळालीच तर बंडीत बसून. आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि त्या पावसाळ्यात मला आठवा महिना होता, पहिलाच.

पुस्तक मिटल्यावर मी पोरांना माझ्या मायचा नियम सांगितला. मी त्यांच्याएवढी असताना सिंदीला आमच्या गोठ्यात गाय व्याली, तेव्हा मी मायला विचारलं होतं की गाय अंडं का देत नाही. माय शेण भरत होती. वरही न पाहता ती म्हणाली, "जिचे कान बाहीर दिसते तिले लेकरू होते. जिचे कान अंदर राह्यते ते अंडे देते. जाय, टोपलं आन." मी टोपलं आणलं आणि नियम डोक्यात ठेवला. पुढं डी.एड.ला दोन वर्षं घालवली, पण पहिलीच्या वर्गात याहून कामाचं काही मला तिथं मिळालं नाही.

नियम सांगितला आणि पोरं पिसाळलीच. आठवडाभर गावातल्या एकाही जनावराचे कान तपासल्याशिवाय राहिले नाहीत. मी नाव घ्यायचं, "म्हैस!" एकानं उठून म्हशीच्या कानांचा निकाल द्यायचा, आणि निकाल बरोबर असला की सगळ्या वर्गानं एका दमात ओरडायचं, "कान बाहीर, लेकरू!" मी म्हणायचं, "पाल!" की लगेच, "कान अंदर, अंडं!" शेजारच्या खोलीतून हेडमास्तर दारात येऊन उभे राहिले. "बाई, जरा हळू. भिंतीलाही कान असतात." ते वळले नाहीत तोच मागच्या रांगेतला एक जण उठला, "मंग भिंतीले लेकरू होते का, बाई?" दुसऱ्यानं गणपतीचं काढलं, कारण गणपती नुकतेच नाल्यात शिरवले होते आणि त्याचे कान सुपाएवढे. देवाचं विचारू नये, एवढं बोलून मी वेळ मारून नेली.

भांडण झालं ते वटवाघळावरून. ते उडतं, म्हणून अर्धा वर्ग अंड्याच्या बाजूचा. हा तंटा सोडवला एका पोरीनं. तिच्या घरी कोंबड्या होत्या, त्यामुळे अंड्यांच्या बाबतीत वर्गात तिचा शब्द शेवटचा. नाक कायम वाहतं, फ्रॉकला एक बटण धड नाही, आणि शंका अशा की वकिलाला घाम फुटावा. ती संध्याकाळी एकटी देवळात जाऊन, छताला लटकलेल्या वटवाघळांखाली मान वर करून उभी राहून आली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "कान हाय, बाई. उंदरावानी. लेकरूच." मग काय, ओरडा झाला आणि वटवाघूळ निकालात निघालं.

त्याच पोरीनं मला विचारलं, "बाई, तुमच्या पोटात लेकरू हाय म्हन्ते आमची माय. खरं हाय का?"

मी म्हटलं, "हो."

"थांबा," म्हणाली. टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आली. त्या काळी आम्ही केस कानावरून विंचरायचो. तिनं ते बोटानं बाजूला सारले, एक कान पाहिला, पलीकडे जाऊन दुसरा पाहिला, आणि वर्गाकडे तोंड करून जाहीर केलं, "कान हाय! बाहीर!"

"कान बाहीर, लेकरू!" अख्खा वर्ग.

मी हसले ती इतकी की पोट धरून खाली बसावं लागलं. आतून एक लाथ बसली. तेव्हाचं माझं हसणं आठवलं की आज माझाच मला हेवा वाटतो.

पुढचं लवकर सांगते, सावकाश सांगणं मला अजून जमत नाही. दसऱ्याच्या आधी रजा घेऊन मी सिंदीला माहेरी गेले. दिवाळीच्या तोंडावर कळा सुरू झाल्या. दवाखान्यात मुलगी झाली. ती रडली नाही. नर्सनं पाय धरून उलटी केली, पाठीवर थापट्या मारल्या, तरी रडली नाही. कुणाचं काही चुकलं नव्हतं. कुणाचं तरी चुकलं असतं तर मला चिडायला एक माणूस तरी मिळालं असतं.

तिला माझ्याजवळ आणलं नाही. बाळंतिणीनं पाहू नये, पाहिलं की मग डोळ्यांपुढून जात नाही, असं म्हणाले. न पाहिलेलंही जात नाही, हे त्यांना कोण सांगणार. माय तिला फडक्यात गुंडाळून दाराकडे घेऊन निघाली, तेव्हा फडकं जरा सरकलं आणि मला तिचा एक कान दिसला. डावा. पिंपळाच्या कोवळ्या पानासारखा, कडेला थोडा दुमडलेला. बारशाला आत्या ह्याच कानाशी तोंड नेऊन 'कुर्र' करते आणि नाव सांगते. नाव मी मनात ठरवून ठेवलं होतं. ते कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि पुढंही कधी सांगितलं नाही.

माझा नवरा आणि माझे वडील तिला नाल्याकाठी पुरून आले, विहिरीवर अंघोळी केल्या, आणि घरात चूल पेटली. कुणी मोठ्यानं रडलं नाही. रडण्यासारखं काही झालंच नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवल्यासारखं होतं. नवरा म्हणाला, "झालं ते झालं, आता तो विषय नको." त्याचे डोळे सुजलेले होते, पण विषय नको. शेजारणी येऊन म्हणायच्या, "झाड शाबूत हाय ना, मंग फळाले काय तोटा?" एक तर म्हणाली, "पोरगीच होती ना?" मायनं तिला चहा न विचारता वाटेला लावलं. मला दूध आलं होतं. दुधाला कुणी काही सांगितलं नव्हतं.

मायनं माझं बाळंतपण मात्र पुरं केलं. खाटेखाली शेगडी, डिंकाचे लाडू, आणि कान बांधणं. आमच्याकडे बाळंतिणीच्या कानात कापसाचे बोळे घालतात आणि वरून स्कार्फ घट्ट बांधतात, वारं शिरू नये म्हणून. घरचाच कापूस, सरकी काढून तिनं हातानं पिंजला. मी तिचे हात ढकलले. म्हटलं, "कशाला हे सगळं? बाळ कुठं आहे?"

माय म्हणाली, "लेकरू नाई म्हून का बाळंतपन नाई झालं? वारं का लेकरू पाहून शिरते कानात?"

मी तिच्यावर ओरडले, नाही नाही ते बोलले. ती ऐकत राहिली आणि कान बांधत राहिली. मग गाठ मारली आणि स्वयंपाकघरात गेली. तिथं भांडी पडल्याचा मोठा आवाज झाला.

रजा शिल्लक होती, पण रजेत करणार काय? पाळणा माळ्यावर गेला होता. सव्वा महिना झाल्यावर मी हिंगणघाटला परतले आणि शाळेत रुजू झाले. मायनं जाताना दम दिला होता, "थंडी हाय, कान उघडे टाकजो नोको. तिळसंक्रांतीपरेंत बांधूनच राह्यजो." मी सारी जिद्द त्या दिवशी ओरडण्यात घालवली होती, त्यामुळे मुकाट बांधून राहिले. तपकिरी लोकरीचा स्कार्फ होता. कानात बोळे, त्यावर स्कार्फ, हनुवटीखाली गाठ. एस.टी.ची घरघरसुद्धा मला दुरून ऐकू यायची.

शेतात कापूस वेचणं चालू होतं. हेडमास्तरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरांना ताकीद दिली आहे, बाई. बाळाचं कुणी काही विचारणार नाही." चांगला माणूस होता. मी मान हलवली.

पोरांनी खरंच बाळाचं काही विचारलं नाही. पाढे म्हटले, बाराखडी गिरवली. पण मी पाठ वळवली की कुजबुज. मी वळले की सगळ्यांची नजर माझ्या स्कार्फवर. तिसऱ्या दिवशी ती कोंबड्यांच्या घरची पोर उभी राहिली.

"बाई, तुमचं अंडं घरी हाय का?"

मला वाटलं बोळ्यांमुळे नीट ऐकू आलं नाही. "काय आहे घरी?"

"अंडं. तुमी देल्लं ना?"

तिनं मग मठ्ठ पोराला समजवावं तसं मला समजावून सांगितलं. "तुमचं पोट मोठं होतं. आता नाई. आनं लेकरू तर आनलं नाई तुमी. आनं तुमचे कान दिसून नाई राह्यले." तिनं आपले दोन्ही कान तळहातांनी झाकून दाखवले. "मंग अंडंच देल्लं ना?"

हेडमास्तरांनी बाळाचं विचारायला मनाई केली होती. अंड्याचं विचारायला नव्हती.

मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, हे खरं आहे. आणि त्याच क्षणी तिला उचलून घ्यावंसंही वाटलं. मी दोन्हीपैकी काही केलं नाही. मागून एका पोरानं काळजीनं विचारलं, "बाई, तुमी येथी आल्या तं अंड्यावर कोन बसलं हाय?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "घरी आहेत सगळे."

तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं नाही. कोंबडी खुडूक बसली की दाण्यापुरती उठते आणि लगेच परत बसते, हे त्यांना मीच शिकवलं होतं. मी तर सकाळी येते ती संध्याकाळी जाते. अंडं थंड पडणार. दुसऱ्या दिवशी पोरं आली ती खिसे फुगवून. वेचणीचा कापूस होता, प्रत्येकानं आपापल्या घरून आणलेला. कुणाचा पांढराशुभ्र, कुणाचा काडीकचऱ्यासकट. टेबलावर ढीग लागला. "यात गुंडाळून ठेवा, बाई. ऊन राह्यते." मी तो सगळा पिशवीत भरला आणि हिंगणघाटला घेऊन गेले. नवऱ्यानं विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "पोरांनी दिलं." रात्री तो कापूस मी उशाशी घेऊन निजले.

पोरांना खरं का सांगितलं नाही, असं कुणी विचारलं तर सांगते. साऱ्या जगात तेवढी एकच खोली होती, जिथं माझं मूल अजून यायचं होतं. रोज सकाळी पोरं विचारायची, "निघालं का, बाई?" आणि मी म्हणायची, "अजून नाही." ते दोन शब्द म्हणता यावेत म्हणून मी एस.टी.त उभ्यानं धक्के खात जायची. अजून नाही. घरी मला ते कुणी म्हणू देत नव्हतं.

पण पोरं कोंबड्या पाहत वाढलेली होती. अंड्यावर किती दिवस बसतात हे त्यांना ठाऊक होतं. नाताळ गेला, तशी विचारणारी पोरं कमी झाली. आपापसात काहीतरी बोलायची आणि माझ्यासमोर कानकोंडी व्हायची. एका सकाळी मी फळ्यावर तारीख लिहून वळले, तर ती पोर टेबलाशी येऊन उभी. तिला सगळ्यांनी मिळून पाठवलं होतं, हे दिसतच होतं.

ती हळू आवाजात म्हणाली, "बाई, आता नाई निघत ते."

मी म्हटलं, "का गं?"

"लय दिवस झाले. ते सडकं निघालं. आमच्या घरी बी निघते एखादं." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "आमची माय उकिरड्यावर फेकून देते. तुमी बी देजा फेकून. वास येते मंग."

ती वाईट बोलत नव्हती. एका कोंबड्यांच्या घरच्या बाईनं दुसरीला सांगावं तसं, समजुतीनं सांगत होती. पण माझ्या डोळ्यांपुढं तो कान आला. पिंपळाच्या पानासारखा, कडेला दुमडलेला. लोकांनी तिला काहीच न म्हणणं मी सोसलं होतं. पोरगीच होती ना, हेही सोसलं होतं. सडकं अंडं मात्र माझ्या लेकीला कुणी म्हणू नये. सहा वर्षांच्या पोरीनंही नाही.

मी हनुवटीखालची गाठ सोडायला घेतली. गाठ सुटेना. शेवटी मी स्कार्फ तसाच वर ओढून काढला, केस विस्कटले. मग कानातले बोळे काढले, एक आणि दुसरा, आणि टेबलावर ठेवले. एकदम सगळं ऐकू यायला लागलं. बाहेर बैलांच्या घंटा, शेजारच्या खोलीत तिसरीचे पाढे. थंडी कानाला झोंबली. मी केस मागं धरले आणि त्या पोरीला म्हटलं, "पाह्य."

तिनं पावसाळ्यात पाहिला होता तसाच एक कान पाहिला, टेबलाला वळसा घालून गेली आणि दुसरा पाहिला. या खेपेला ती ओरडली नाही. वर्गाकडे वळून नुसतं म्हणाली, "कान हाय."

ती माझ्याकडे बघत विचार करत होती, आणि तिचा विचार कुठं जाणार ते मला दिसत होतं. नियम मीच शिकवला होता.

"मंग लेकरूच झालं," ती म्हणाली.

"हो. मुलगी झाली." हे वाक्य मी तोवर कुणाजवळही बोलले नव्हते. कुणी बोलूच दिलं नव्हतं.

"मंग कुठी हाय ते?"

"मेली," मी म्हटलं. "झाली तेव्हाच मेली." आणि मी रडले. टेबलावर डोकं ठेवून, आवाज करून, दिवाळीपासून राहिलेलं सगळं. पहिलीची आणि दुसरीची पोरं समोर बसलेली होती, आणि मला त्याची लाज वाटली नाही. पोरंही घाबरली नाहीत. शेतकऱ्यांची पोरं होती, त्यांनी मेलेली वासरं पाहिली होती, घरची माणसंही पाहिली होती. ती मी थांबायची वाट पाहत बसली. हेडमास्तर दारापर्यंत आले असावेत, कारण पायांचा आवाज आला, आणि परत गेला.

मी डोकं वर केलं तर ती पोर तिथंच उभी होती. नाक फ्रॉकला पुसून तिनं विचारलं, "तिले कान होते, बाई?"

"होते."

"बाहीर?"

"बाहेर. छान होते."

तिनं मान डोलवली आणि ती आपल्या जागेवर जाऊन बसली. तिचं समाधान झालं होतं. मग मी काही न सांगता, कुणीही खूण न करता, निकाल लागला की ओरडायचं या रोजच्या सवयीनं, सगळा वर्ग एका दमात ओरडला,

"कान बाहीर, लेकरू!"

माझ्या लेकीच्या कानात कुणी नाव सांगितलं नाही. तिच्याबद्दल या जगात मोठ्यानं बोललं गेलं ते एवढंच.